सौर वाहिनी आणि आमचे गायरान

रात्रीचे पाणी देणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. शेतीपंपाला वीज मिळते ती पाळीपाळीने. कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. रात्रपाळीच्या आठवड्यात बाराला उठायचे, हातात बॅटरी घ्यायची आणि चिखलात उभे राहून दारे धरायचे. विहीर आणि मोटार मालकाची असते. दारे धरणारा सालगडी पुष्कळदा आमच्या वस्तीतला असतो. साप चावतो तो त्याला. तेव्हा दिवसा वीज देणारे कोणतेही तंत्र खेड्यात येत असेल तर त्याचे पहिले स्वागत आमच्या वस्तीने केले पाहिजे, असे माझे मत आहे. पुढे जे लिहिणार आहे त्यामुळे ते बदलत नाही.

हे तंत्र म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. ती २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा, फार मोठा टप्पा आला. कल्पना साधी आहे. गावाजवळच्या वीज उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत सौर पॅनेल उभे करायचे, तयार झालेली वीज त्याच उपकेंद्रात सोडायची आणि तेथून केवळ शेतीपंपांसाठी वेगळ्या काढलेल्या फीडरवर दिवसा द्यायची. शेतकऱ्याने नवा पंप घ्यायचा नाही; आहे तीच मोटार चालते. सूर्य दिवसाच तळपतो, म्हणून वीजही दिवसाच. कोळसा जाळावा लागत नाही. आणि मराठवाड्यातल्या माणसाला आणखी एक गोष्ट चटकन पटेल : औष्णिक केंद्राला पाणी लागते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. पॅनेलला पाणी लागते ते धूळ धुण्यापुरते. हवामान बिघडत चालले असताना, दुष्काळातही न थांबणारी वीज ही लहान गोष्ट नव्हे.

प्रश्न जमिनीचा आहे. एका मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते. खाजगी जमीन भाड्याने घेतली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ, असा दर ठरला आहे. सरकारी जमीन नाममात्र भाड्यात मिळते. साहजिकच नजर आधी सरकारी जमिनीकडे जाते. आणि गावात सरकारी जमीन म्हणजे बहुधा गायरान.

कागदावर गायरान मोकळे असते. गुरे चरण्याची जागा, एवढीच त्याची ओळख. प्रत्यक्षात मराठवाड्यातल्या कितीतरी गायरानांवर भूमिहीनांची, त्यातही आमच्या लोकांची, शेती उभी आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, माणसे हजारोंनी तुरुंगात गेली, त्यानंतरच पडीक सरकारी जमीन ही मागण्याची गोष्ट आहे हे खेड्यापाड्यात पोचले. माझ्या आजाने १९८० च्या सुमारास तीन एकर खडकाळ रान फोडले. दगड वेचून बांध घातला. त्या रानातल्या तुरीवर माझी बारावी झाली, पदवी झाली.

१९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करावीत असे ठरले. (तारीख कोणाच्या जयंतीची, हे सांगायला नको.) त्यासाठी पुरावा काय? गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, आणि दंडाच्या पावत्या. ज्या दंडाने माणसाला गुन्हेगार ठरवले त्याचीच पावती त्याच्या हक्काचा पुरावा ठरते. आमच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत, आजाचे नाव एक-ईत आहे. सातबाऱ्यावर नाही. अर्ज करून वडील थकले, आता मी करतो.

गेल्या उन्हाळ्यात एका कंपनीची माणसे मोजणीला आली. गायरान पडीक आहे, असा ठराव आधीच झाला होता. उन्हाळ्यात कोणते कोरडवाहू रान पडीक दिसत नाही? ज्या गावात प्रकल्प होतो त्या ग्रामपंचायतीला तीन वर्षांत पंधरा लाख रुपये मिळतात. तेव्हा ठराव होण्यात अडचण नव्हती. ग्रामसभेत माझी माय उठून म्हणाली, "दिवसा लाइट पायजेच. पर त्यासाठी आमचंच रान कामून?" कोणी उत्तर दिले नाही. विषय क्रमांक चार पुकारला गेला.

हिशेब मांडून पाहू. तीन एकर म्हणजे सव्वा हेक्टरच्या थोडे आत. सातबारा असता तर सरकारी दरानेच वर्षाला सुमारे दीड लाख भाडे आमच्या घरी आले असते, आणि मीच पॅनेलसाठी जमीन देऊ केली असती. सातबारा नाही म्हणून शून्य. सौर कृषी पंपाच्या योजनेतही हेच. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याने पाच टक्केच रक्कम भरायची, इतरांनी दहा. सवलत खरी आहे, पण ती ज्याच्या नावे जमीन आहे त्याला. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातल्या वहित क्षेत्रापैकी नऊ टक्क्यांहून कमी क्षेत्र अनुसूचित जातींकडे आहे; लोकसंख्येतला वाटा २०११ मध्ये साडेसोळा टक्क्यांच्या वर होता.

बाबासाहेबांना यंत्राचे वावडे नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाणी यांच्या नियोजनाचा पाया घालण्यात त्यांचा हात होता. पण १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधातच त्यांनी दाखवले होते की, शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही; भांडवल आणि श्रम यांच्याशी त्याचा मेळ कसा बसतो यावर ठरते. १९४७ च्या मसुद्यात ते जमीन राज्याच्या मालकीची करून ती जातिभेद न करता कसायला द्या असे मांडतात. म्हणजे यंत्र कोणाच्या जमिनीवर उभे राहते, हा प्रश्न त्यांनी यंत्रापासून वेगळा काढला नाही.

आमचे जे मित्र या योजनेलाच विरोध करा म्हणतात त्यांच्याशी माझा मतभेद आहे. विरोध केला तर फीडर रात्रीचाच राहील आणि दारे धरायला आपलाच भाऊ जाईल. मागायचे ते असे की जागा निवडण्याआधी एक-ईची नोंदवही उघडा, प्रलंबित दावे निकाली काढा, आणि तरीही कसते रान घ्यावेच लागले तर खाजगी मालकाला जे भाडे देता तेच कसणाऱ्याला द्या. पॅनेल उंच खांबांवर बसवून खाली पीक घेता येते. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने एकाच रानात पॅनेल आणि पीक असा प्रयोग करून पाहिला आहे. खर्च वाढतो, पण रान जात नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवा म्हटले तेव्हाही, भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या आदेशाने दिलेल्या जमिनी हा अपवाद ठेवलाच होता.

वाचकांपैकी ज्यांच्या गावात गायरान आहे त्यांनी तलाठ्याकडे एक-ईच्या नकलेसाठी अर्ज करावा आणि अर्जाची पोच घ्यावी. मोजणीची माणसे येण्याआधी. आमच्या रानात या पावसाळ्यातही तूर पेरली आहे. मायने पेटीतल्या पावत्यांना प्लॅस्टिकचे पाकीट केले आहे, आणि मी त्यांच्या झेरॉक्स काढून एक संच कॉलेजच्या कपाटात ठेवला आहे.