डाळिंबाला सल्लागार शोधताय? ग्रुपवर आधी हे विचारा

डाळिंबावर डाग दिसला की फोटो थेट व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. पाच मिनिटांत पाच औषधांची नावं येतात. पण तेल्या जिवाणूमुळे होतो आणि बाकीचे बरेच डाग बुरशीमुळे. ओळख चुकली की फवारणीचा खर्च पाण्यात जातो.

म्हणून ग्रुपवर औषध विचारू नका, माणूस विचारा. फोटोसोबत बहार, झाडाचं वय आणि आधीच्या फवारण्या लिहा. मग विचारा, 'आपल्या भागात प्लॉटवर येऊन बघणारा सल्लागार कोण?' नाव मिळालं की त्याच्या दोन-तीन जुन्या शेतकऱ्यांशी बोला. फी एकरी की व्हिजिटला, ते आधीच ठरवा. औषध सांगणाराच ते विकत असेल, तर दुसऱ्या जाणकाराचंही मत घ्या.

औषधाच्या लेबलवर आपलं पीक आहे का आणि काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, हे स्वतः वाचा. शंका राहिलीच तर कृषी विज्ञान केंद्र गाठा किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन करा. हा फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.