मुठेचे मासे आणि खडकवासल्याचें धरण

पुण्याचे नैर्ऋत्येस सुमारें दहा मैलांवर, सिंहगडाचे बाजूस, मुठा नदीवर खडकवासल्याचें धरण आहे. कर्नल फाइफ यांचे योजनेप्रमाणें एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत तें बांधलें गेलें. तलावासही पुढें पुष्कळ काळ ‘लेक फाइफ’ म्हणत. पुण्याचे पूर्वेकडील अवर्षणाच्या मुलखास कालव्यानें पाणी द्यावें व शहर आणि लष्कर यांची तहान भागवावी, हा मूळ हेतु. हौशी मंडळींच्या गळाची सोय त्यांत नव्हती. पण तलाव झाला कीं गळ येतोच.

गळाला काय लागतें हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. आमचे मतें तो दप्तराचाच प्रश्न आहे. कारण धरणापूर्वींच्या माशांचें एक चांगलें टिपण आपणांस उपलब्ध आहे. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी कर्नल साइक्स यांनीं केलेलें दख्खनच्या माशांचें वर्णन सन १८३९ त प्रसिद्ध झालें. या गृहस्थाची एक खोड फार उपकारक ठरली. लॅटिन नांवांचें दुसरें पद त्यानें अनेकदां येथील बोलींतूनच उचललें. ‘सीन्गटी’ म्हणजे आपली शिंगटी, हें उघड आहे. ‘कोलस’ हा कोळशी असावा. पुण्याचे पूर्वेस आठ मैलांवर मुळामुठेंत मिळालेल्या माशास त्यानें ‘खुद्री’ म्हटलें. तोच दख्खनचा महाशीर. परकी कानानें ऐकून रोमन लिपींत उतरलेले हे शब्द आहेत. मोडींत ऱ्हस्वदीर्घ जसें वाचणारानें ठरवावें लागतें, तसेंच येथेंही. शिरूरजवळ घोड नदींतील ‘मुसल्ला’ तर दीर्घकाळ महाशीरांत मोडला जाई. अलीकडील संशोधकांनीं तो निराळ्या गणाचा ठरविला. चुकीच्या घराण्यास चिकटलेल्या सनदेसारखाच हा प्रकार!

महाशीर हा वाहत्या पाण्याचा व खडकाळ तळाचा मासा. पावसाळ्यांत तो अंडीं घालण्यास वरच्या अंगास चढतो. आडवी भिंत आली म्हणजे वाट खुंटते, आणि थोपलेल्या पाण्याखालीं खडक गाळांत बुडतात. खडकवासल्याचे वर पुढें पानशेत, वरसगांव व टेमघर हीं धरणेंही झालीं. उलट कटला, रोहू, मृगळ हे गंगेकडचे मासे. त्यांचें बीज आपल्या तलावांतून सोडण्याची चाल पडली. म्हणून आज गळास लागलेला मासा मुठेचा मूळचा रहिवासी समजूं नये. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटा कंपनीनें महाशीराची पैदास चालविली व तें बीज दूरवर गेलें. पण कावेरींत सोडलेल्या खुद्रीनेंच तेथील कुबड्या महाशीरास मागें सारलें, असा निष्कर्ष निघाला आहे. उपकार करतांनाही मूळ पाठ बिघडतो, तो असा.

ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंही फुटलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. रुमाल बाळगणाऱ्यांस त्या तारखेचें महत्त्व निराळें सांगावयास नको. खडकवासल्याची भिंत पुन्हां उभी राहिली. भिजून गेलेला कागद तसा उभा राहत नाहीं.

साइक्सपूर्वींचा पुरावा मिळेल तर तो खासगी संग्रहांतच मिळेल. डोहांवरील कोळ्यांचे हक्क, देवाचे म्हणून राखलेले कोंड (महाडजवळील वाळणकोंडीसारखे), मुदपाकखान्याचे जमाखर्च, यांत माशाचें एखादें नांव सहज आलेलें असतें. मुठा, मुळा वा घोड यांच्या खोऱ्यांतील कागद ज्यांचे संग्रहीं असतील, त्यांनीं असें नांव आढळल्यास तें मूळ अक्षरवटिकेसह, गांव व मिती देऊन, नकलून आम्हांकडे पाठवावें.