फाइलीचे नाव आणि फाइलीचे अस्तित्व

युनिक्स आणि तिच्या परंपरेतील लिनक्स या संगणकप्रणालींत फाइल ‘पुसणे’ या क्रियेचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्सची उभारणी आरंभिली. या प्रणालीत फाइल आणि तिचे नाव या दोन भिन्न वस्तू होत. डिरेक्टरीत नाव व एक क्रमांक एवढीच नोंद असते. तो क्रमांक ‘आयनोड’ या नोंदीचा असून फाइलीचा आकार, मालकी आणि डिस्कवरील मजकुराची स्थाने ही माहिती तीत साठविलेली असते.

‘आरएम’ ही आज्ञा डिरेक्टरीतील नाव काढून टाकते. मजकूर पुसत नाही. डिस्कवरील जागा मोकळी होण्यास दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: त्या आयनोडचे एकही नाव उरलेले नसावे आणि कोणत्याही चालू प्रक्रियेने ती फाइल उघडी ठेवलेली नसावी. यास्तव, एखादा प्रयोग चालू असताना त्याची नोंद-फाइल चुकून पुसली गेली, तरी नोंदी लिहिणारी प्रक्रिया जिवंत असेतोवर मजकूर अबाधित राहतो.

तो परत मिळविण्याची रीत सोपी आहे. ‘एलएसओएफ’ ही आज्ञा उघड्या फाइलींची यादी देते. लिनक्समध्ये पुसलेल्या फाइलीपुढे तशी खूणही असते. या यादीतून प्रक्रियेचा क्रमांक आणि त्या प्रक्रियेत फाइलीस मिळालेला क्रमांक कळतो. हे क्रमांक अनुक्रमे ४१२७ व ३ असल्यास ‘/प्रॉक/४१२७/एफडी/३’ येथून ‘सीपी’ आज्ञेने मजकुराची प्रत अन्यत्र घेता येते. मात्र त्यासाठी प्रक्रियेच्या मालकाचा अथवा प्रशासकाचा अधिकार लागतो.

येथे एक धोका संभवतो. चूक ध्यानात येताच प्रक्रिया बंद करण्याचा अथवा संगणक पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळेच शेवटचा आधार तुटतो. प्रक्रिया स्थगित करणे मात्र निराळे. ‘सिगस्टॉप’ संकेताने ती थांबविल्यास तिच्याकडून लेखन होत नाही, आणि अर्धवट प्रत मिळण्याचे भय कमी होते. प्रत तपासल्यावरच प्रक्रिया नव्याने सुरू करावी; कारण जुनी प्रक्रिया नव्या प्रतीत न लिहिता त्या निनावी फाइलीतच लिहीत राहते.

जे कार्यक्रम फाइल वाचून लगेच मिटतात, त्यांच्या बाबतीत ही रीत निरुपयोगी होय.