शंभर भरू नयेत म्हणून

३ ऑगस्ट २०२५, रविवार. टेक्सासच्या विधानसभेतले पन्नासहून जास्त डेमोक्रॅटिक आमदार राज्याबाहेर निघून गेले. बहुतेक जण शिकागोच्या बाजूला, काही न्यूयॉर्कला, काही मॅसॅच्युसेट्समध्ये. सोमवारी दुपारी सभापती डस्टिन बरोज यांनी हजेरी घेतली तेव्हा सभागृहात शंभर डोकी भरली नाहीत. गैरहजर आमदारांना पकडून आणण्याची वॉरंटं त्याच दिवशी निघाली. ही वॉरंटं दिवाणी स्वरूपाची असतात. आमदार सापडला तर त्याला तुरुंगात टाकत नाहीत, उचलून सभागृहातल्या त्याच्या खुर्चीवर आणून बसवतात. पण टेक्सासच्या पोलिसांचा अधिकार राज्याच्या सीमेवर संपतो, आणि इलिनॉयचे गव्हर्नर जे. बी. प्रिट्झकर स्वतःच डेमोक्रॅट. त्यामुळे पाहुण्यांच्या सरबराईत कसूर नव्हती.

टेक्सासच्या राज्यघटनेत कोरमची, म्हणजे किमान हजेरीची, अट दोन-तृतीयांश आहे. विधानसभा १५० जणांची, म्हणजे १०० हजर हवेत. सेनेट ३१ जणांची, तिथे २१. आपल्याकडे घटनेच्या १८९ व्या कलमानुसार एक-दशांश पुरतात. २८८ आमदारांच्या महाराष्ट्र विधानसभेत २९ जण बसले की कामकाज रीतसर चालू शकतं. म्हणून आपल्या विरोधकांनी सभात्याग केला की सत्ताधाऱ्यांना उलट बरंच वाटतं, विधेयकं पटापट उरकतात. जून २०२२ मधली सुरत-गुवाहाटीची वारी वाचकांना आठवेलच, पण तो हिशेब सरकार पाडण्याचा होता. टेक्सासमधल्या पळण्यात कोणी पक्ष बदलत नाही. गव्हर्नर थेट लोकांनी निवडलेला, त्याची खुर्ची हलत नाही. सभागृह तेवढं बंद पडतं, आणि घड्याळ चालू राहतं.

घड्याळ महत्त्वाचं अशासाठी की टेक्सासचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा भरतं. विषम वर्षी, जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी सुरू होतं आणि १४० दिवसांत संपतं. घटनाकारांना खरं तर दर १४० वर्षांनी दोन दिवस असं लिहायचं होतं, हा तिथला जुना विनोद. आमदाराचा पगार महिना ६०० डॉलर, अधिवेशनाच्या दिवसांत वर थोडा भत्ता. साहजिकच आमदार म्हणजे वकील, विमा एजंट, गुरांची कुरणं असलेले, किंवा मुळातच खाऊनपिऊन सुखी असलेले लोक. २०२३ मध्ये विधानसभेने नियम केला की कोरम मोडण्यासाठी गैरहजर राहणाऱ्याला दिवसाला ५०० डॉलर दंड. म्हणजे एका दिवसाच्या दंडात महिन्याचा पगार जवळजवळ साफ.

दिवसांतली आणि पगारातली ही कंजुषी १८७६ च्या घटनेतली आहे आणि तिच्यामागे राग आहे. यादवी युद्धानंतर टेक्सासवर रिपब्लिकन गव्हर्नर एडमंड जे. डेव्हिस यांचं राज्य होतं. हे गृहस्थ टेक्सासचे असून युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले. त्यांनी राज्य पोलीस दल उभं केलं, त्यात कृष्णवर्णीय शिपाईही घेतले आणि मिलिशियाचे अधिकार स्वतःच्या हातात मागितले. १८७० मध्ये मिलिशियाचं विधेयक अडवायला तेरा सेनेटर उठून बाहेर पडले. त्यांना अटक झाली, कोरमपुरते काहींना आत आणलं गेलं आणि विधेयक मंजूर झालं. डेव्हिस गेल्यावर गोऱ्या जमीनमालकांच्या पुढाऱ्यांनी जी घटना लिहिली, तिच्यात गव्हर्नरचे हात बांधले, विधिमंडळाचे दिवस तोडले, पगार तोडले. दोन-तृतीयांशाची अट त्याआधीपासूनची होती. तिला मात्र कोणी हात लावला नाही. तेव्हा पळालेले लोक कृष्णवर्णीयांच्या हाती बंदूक जाऊ नये म्हणून पळाले होते. दीडशे वर्षांनी त्याच तरतुदीचा आधार घेणाऱ्यांत कृष्णवर्णीय आमदार मोठ्या संख्येने होते.

पळून जाऊन खरोखर जिंकल्याचं ठळक उदाहरण एकच, १९७९ चं. तेव्हा दोन्ही बाजूंना मुख्यतः डेमोक्रॅटच होते, कारण टेक्सासच्या विधिमंडळात दुसरा पक्ष अगदी छोटा होता. प्रश्न होता राष्ट्राध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकीच्या तारखेचा. ती वेगळी आणि लवकर घेतली, तर पुराणमतवादी डेमोक्रॅटांना रिपब्लिकनांच्या निवडणुकीत जॉन कॉनली यांना मत देऊन पुन्हा आपल्या पक्षाच्या निवडणुकीत परतता आलं असतं. बारा उदारमतवादी सेनेटरांना हे नको होतं. ३१ मधून बारा गेले की १९ उरतात, आणि लागतात २१. सेनेट चालवणारे लेफ्टनंट गव्हर्नर बिल हॉबी यांनी त्यांना ‘किलर बीज’ असं नाव ठेवलं होतं, कारण या मधमाश्या कधी डसतील त्याचा नेम नसे. मे महिन्यात एके दिवशी त्या उडाल्या. राज्यभर शोध चालू होता, आणि त्यातले बहुतेक जण ऑस्टिनमध्येच, एका गॅरेजवरच्या छोट्याशा घरात दाटीवाटीने राहत होते. जीन जोन्स यांना मात्र तिथे करमेना, ते ह्यूस्टनला घरी गेले. टेक्सास रेंजर्स हातात फोटो घेऊन दारात हजर झाले, त्यांनी जोन्स यांना हेलिकॉप्टरमध्ये घातलं आणि थेट ऑस्टिनला आणलं. उतरवल्यावर कळलं की हा सेनेटर नव्हे, त्याचा भाऊ क्लेटन. काही दिवसांनी हॉबींनी हात टेकले आणि बारा जण परत आले. विधेयक मेलं.

यशाचं कारण शौर्यात शोधू नये. अधिवेशन संपत आलं होतं, दोन्ही बाजूंना एकाच पक्षात पुढेही नांदायचं होतं, आणि त्या एका विधेयकासाठी कोणी पुन्हा सगळ्यांना बोलावलं नाही. पुढच्या प्रत्येक वेळी हीच शेवटची गोष्ट बदलली. टेक्सासचा गव्हर्नर तीस दिवसांचं विशेष अधिवेशन हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा बोलावू शकतो, आणि त्यात कोणते विषय घ्यायचे तेही तोच ठरवतो. १८७६ च्या मंडळींनी गव्हर्नरला दुबळं केलं खरं, पण ही एक किल्ली त्याच्याकडे राहिली.

२००३ मध्ये ती किल्ली नीट फिरली. रिपब्लिकनांनी शंभराहून जास्त वर्षांत प्रथमच दोन्ही सभागृहं जिंकली होती. अमेरिकी काँग्रेसमधले त्यांचे बलदंड नेते, ह्यूस्टनजवळच्या शुगरलँडचे टॉम डिले, यांना जनगणनेची वाट न पाहता टेक्सासमधले काँग्रेसचे मतदारसंघ पुन्हा आखून हवे होते. मे महिन्यात पन्नासहून जास्त डेमोक्रॅटिक आमदार ओक्लाहोमातल्या आर्डमोर गावी हॉलिडे इनमध्ये जाऊन राहिले. गायक विली नेल्सन यांनी त्यांच्यासाठी लाल रुमाल आणि व्हिस्की धाडली. माजी सभापती पीट लेनी यांचं छोटं विमान कुठे आहे हे शोधायला तर होमलँड सिक्युरिटीच्या यंत्रणेची मदत मागितली गेली. अल कायदासाठी उभारलेलं खातं एका म्हाताऱ्या कापूस शेतकऱ्याचं विमान हुडकतंय, यावर तिथल्या व्यंगचित्रकारांनी महिनाभर पोट भरलं असणार. विमानाच्या शोधात डिले यांच्या कार्यालयाचाही हात होता. पुढच्या वर्षी काँग्रेसच्या नीतिसमितीने त्यांना त्याबद्दल समज दिली.

विधेयक तेवढ्यापुरतं बुडालं. गव्हर्नर रिक पेरी यांनी एकामागून एक विशेष अधिवेशनं लावली. जुलैअखेर अकरा सेनेटर न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला गेले आणि महिनाभराहून जास्त तिथे राहिले. त्यातले ह्यूस्टनचे जॉन व्हिटमायर सप्टेंबरमध्ये परतले आणि गाडी घसरली. तिसऱ्या अधिवेशनात नकाशा मंजूर झाला. २००४ च्या निवडणुकीत टेक्सासमधल्या ३२ जागांपैकी रिपब्लिकनांच्या १५ च्या २१ झाल्या. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक मतदारसंघ चुकीचा ठरवला. दशकाच्या मध्येच नकाशा बदलण्याला मात्र हरकत घेतली नाही. व्हिटमायर आज ह्यूस्टनचे महापौर आहेत. अल्बुकर्कीचा राग मतदारांनी फार धरला नाही.

२०१३ मध्ये डेमोक्रॅटिक सेनेटर वेंडी डेव्हिस यांनी पळ न काढता तीच खेळी उभ्या उभ्या केली. गर्भपातावरच्या निर्बंधांचं विधेयक विशेष अधिवेशनाच्या शेवटच्या रात्री रोखायला त्या गुलाबी बूट घालून अकरा तासांच्या आसपास बोलत राहिल्या. टेक्सास सेनेटमध्ये असं भाषण करताना बसता येत नाही, टेकता येत नाही, खातापिता येत नाही, स्वच्छतागृहात जाता येत नाही, विषय सोडता येत नाही. मध्यरात्र उलटली, विधेयक पडलं. पेरींनी नवं अधिवेशन बोलावलं आणि जुलैत ते मंजूर झालं.

२०२१ चा वाद कौंटीतून वर आला होता. करोनाकाळात हॅरिस कौंटीने, म्हणजे ह्यूस्टनने, गाडीत बसून मतदान आणि चोवीस तास मतदान अशा सोयी केल्या होत्या. त्या बंद करणारा कायदा अडवायला आमदार वॉशिंग्टनला गेले. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी विधिमंडळाच्या खर्चाची तरतूदच नकाराधिकाराने कापली होती, त्याची टांगती तलवार आमदारांपेक्षा त्यांच्या कारकुनांवर आणि सहायकांवर जास्त होती. ऑगस्टमध्ये कोरम भरला, सप्टेंबरमध्ये कायद्यावर सही झाली.

मग २०२५. ॲबट यांनी जुलैमध्ये बोलावलेल्या अधिवेशनाच्या यादीत दोन मोठे विषय होते. एक पुराचा: ४ जुलैला ग्वादालूप नदीच्या पुरात आणि आसपास १३० हून जास्त माणसं गेली, त्यात उन्हाळी शिबिराला आलेल्या लहान मुली होत्या. दुसरा नकाशाचा: काँग्रेसच्या ३८ पैकी २५ जागा रिपब्लिकनांकडे होत्याच, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना आणखी पाच हव्या होत्या. नकाशा आधी का घेतला, असं एक बाजू विचारत होती. पूरग्रस्तांना सोडून पळालात, असं दुसरी म्हणत होती. माझ्या मते पहिल्या प्रश्नाला वजन जास्त होतं, कारण विषयांचा क्रम ठरवणं बहुमताच्याच हाती होतं.

१५ ऑगस्टला पहिलं अधिवेशन संपवून ॲबट यांनी त्याच दिवशी दुसरं सुरू केलं. १८ तारखेला पुरेसे आमदार परतले. सभापतींनी अट घातली: परतलेल्या डेमोक्रॅटांनी बाहेर जायचं तर कागदावर सही करायची आणि सोबत चोवीस तास पोलीस ठेवायचा. फोर्ट वर्थच्या निकोल कोलियर यांनी सही नाकारली. दोन रात्री त्या सभागृहातच राहिल्या, आपल्या बाकापाशी खुर्चीतच झोपल्या. दुसऱ्या दिवशी आणखी काही सहकाऱ्यांनी आपले कागद फाडले आणि त्यांच्याबरोबर मुक्काम टाकला. २० तारखेला नकाशा ८८ विरुद्ध ५२ मतांनी मंजूर झाला. महिनाअखेर सही झाली. नोव्हेंबरमध्ये एल पासोच्या संघराज्य न्यायालयाने तो रोखला, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवून २०२६ च्या निवडणुकीला वाट मोकळी केली. राज्याबाहेर काढलेल्या त्या दोन आठवड्यांत डेमोक्रॅटांनी एक गोष्ट मिळवली: कॅलिफोर्नियाने उलट नकाशा करायचं ठरवलं आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांनी त्याला कौल दिला. याला टेक्सासच्या मतदाराचा फायदा म्हणावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

नव्या आखणीत ऑस्टिनच्या दोन डेमोक्रॅटिक खासदारांना एकाच मतदारसंघात यावं लागत होतं. त्यातले एक लॉइड डॉगेट, १९७९ च्या बारा मधमाश्यांपैकी. नकाशा कायम राहिला तर आपण उभे राहणार नाही, असं ७८ वर्षांच्या डॉगेट यांनी ऑगस्टमध्येच सांगून टाकलं.

नकाशांची ही कात्री आता खालच्या पातळीवरही चालते. जून २०२५ मध्ये, म्हणजे राज्याच्या आधी, फोर्ट वर्थच्या टॅरंट कौंटीने आपल्या चार प्रभागांच्या सीमा दशकाच्या मध्येच बदलल्या. निर्णय घेतला कमिशनर्स कोर्टाने. हे न्यायालय नव्हे: चार कमिशनर आणि एक ‘कौंटी जज’, मिळून रस्ते, तुरुंग, सार्वजनिक रुग्णालय आणि कर बघणारं मंडळ. मत पडलं ३ विरुद्ध २. तिथे दोघांनी पळून उपयोग नव्हता.

ही कात्री गाजावाजाविनाही चालते. शुगरलँड आणि आसपासच्या फोर्ट बेंड कौंटीत भारतीयांची वस्ती मोठी आहे, आणि मराठी घरंही बरीच आहेत. डिले यांच्या या जुन्या मतदारसंघात २०१८ मध्ये श्री प्रेस्टन कुलकर्णी डेमोक्रॅट म्हणून उभा राहिला. कादंबरीकार व्यंकटेश कुलकर्णी यांचा मुलगा, पूर्वी परराष्ट्र सेवेत असलेला. आशियाई मतदारांना त्यांच्या त्यांच्या भाषांत फोन करणं हे त्याच्या प्रचाराचं वैशिष्ट्य. ज्या जागेकडे पक्षाने फिरकणं सोडलं होतं तिथे तो पाचेक टक्क्यांनी हरला. २०२० मध्ये पुन्हा उभा राहिला आणि कौंटीचे शेरीफ ट्रॉय नेल्स यांच्याकडून हरला. २०२१ च्या नकाशात या मतदारसंघातून मिश्र वस्तीचे भाग काढले आणि तो रिपब्लिकनांसाठी निर्धास्त केला गेला. त्यासाठी कोणाला राज्य सोडावं लागलं नाही की कोणावर वॉरंट निघालं नाही.

मग कोरमची अटच का बदलत नाहीत? लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक साध्या बहुमताचा आग्रह धरतात, ॲबट यांनी २०२१ मध्ये हा विषय विशेष अधिवेशनाच्या यादीत घातलाही होता. पण त्यासाठी घटनादुरुस्ती हवी, ती मतदारांपुढे जाण्याआधी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी मंजूर व्हायला हवी. विधानसभेत त्याचा अर्थ १०० मतं. रिपब्लिकन आहेत ८८.