एव्हबरीचे दगड आणि एव्हबरीचीं घरें

इंग्लंडांतील प्राचीन पाषाणवर्तुळ म्हटलें कीं आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याच्या मुखीं स्टोनहेंज हें एकच नांव येतें. आमच्याहि मुखीं तेंच येत असे. आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त स्विंडन शहरीं राहतो. त्यानें गेल्या वर्षीं तेथून दहा-अकरा मैलांवर असलेल्या एव्हबरी नांवाच्या खेड्याचीं छायाचित्रें आम्हांस पाठविलीं. त्यांपैकीं एकांत एका साध्या घराची दगडी भिंत होती व खालीं त्यानें लिहिलें होतें, "काका, ही भिंत नीट पाहा. देऊळ फोडून बांधलेलें घर आहे हें." त्या एका वाक्यापायीं आम्ही जे वाचावयास बसलों ते दोन महिने उठलों नाहीं. त्यांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

एव्हबरी हें विल्टशर परगण्यांतील लहानसें गांव. भोंवतालची भूमि खडूची, म्हणजे मऊ पांढऱ्या दगडाची. पस्तीस वर्षें बोटांस खडू लागलेल्या आमच्यासारख्यास ही गोष्ट उगाच जवळची वाटली. या भूमींत इ. स. पूर्वीं सुमारें २८५० ते २२०० या काळांत लोकांनीं एक प्रचंड वर्तुळाकार खंदक खोदला आणि निघालेला खडू बाहेरच्या बाजूस रचून त्याचा बांध घातला. बांधाचा व्यास सुमारें १४०० फूट. आंतील क्षेत्र २८ एकरांहून अधिक. खंदक आज पुष्कळ भरून आला आहे. परंतु हॅरल्ड ग्रे यांनीं इ. स. १९०८ ते १९२२ या काळांत जें उत्खनन केलें त्यांत तो मूळचा ३० फुटांच्या आसपास खोल होता असें दिसून आलें. खोदण्याचें साधन काय, तर तांबड्या हरणाचीं शिंगें ! हें काम सुरू झालें तेव्हां त्या देशांत लोखंड तर राहोच, तांबेंहि आलें नव्हतें.

खंदकाच्या आंतल्या कांठानें सुमारें १०० शिला उभ्या केलेल्या होत्या व त्या मोठ्या वर्तुळाच्या पोटांत आणखी दोन वर्तुळें. जगांत याहून मोठें पाषाणवर्तुळ नाहीं. स्टोनहेंजच्या शिला घडीव आहेत. येथील शिलांस टांकी लागलेली नाहीं. आसपासच्या माळावर पडलेल्या सार्सेन नामक अतिकठीण वालुकापाषाणाच्या या शिला जशा सांपडल्या तशाच ओढून आणून रोवल्या. त्यांतील एकीचें वजन ६० टनांच्या घरांत आहे. हें स्थळ कशासाठीं केलें, तेथें कोणाची उपासना चाले, हें सांगणारा एकहि अक्षरलेख नाहीं, कारण अक्षरेंच नव्हतीं.

या वर्तुळाच्या आंत गांव आहे, हीच एव्हबरीची खरी मौज. बांधाच्या चार मूळ वाटांवरून रस्ते येतात व मध्यें मिळतात. तेथें एक जुनी पानगृहाची इमारत आहे, घरें आहेत, मेंढ्या चरतात. ख्रिस्ती देवालय मात्र बांधाच्या बाहेर आहे. त्याचा कांहीं भाग नॉर्मन लोक इंग्लंडांत येण्यापूर्वींचा.

गांवच्या लोकांस हे दगड जन्मापासून माहीत. परंतु विद्वानांचें त्यांकडे इ. स. १६४९ पर्यंत फारसें लक्ष गेलें नव्हतें. त्या वर्षीं जॉन ऑब्री नांवाचा तरुण शिकारीच्या मंडळींबरोबर जात असतां या स्थळीं आला आणि थक्क झाला. पुढें त्यानें दुसऱ्या चार्ल्स राजालाहि तें दाखविलें. त्याच्यामागून विल्यम स्टुकली आला. इ. स. १७१९ ते १७२४ या काळांत त्यानें वर्षानुवर्षें येऊन एकूणएक दगड मोजला, नकाशे काढले आणि १७४३ मध्यें ग्रंथ छापला. हें सर्व ड्रुइड पुरोहितांनीं रचिलें असा त्याचा सिद्धान्त होता व तो दोन हजार वर्षांनीं चुकला. आपल्याकडेहि प्रत्येक जुनें लेणें पांडवांनीं एका रात्रींत कोरलेलें असतें. त्यामुळें स्टुकलीस हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. उलट त्याच्या डोळ्यांची वाखाणणी करावी तितकी थोडी. बेकहॅम्प्टनच्या दिशेनें दगडांची एक दुहेरी ओळ गेली होती असें त्यानें लिहून ठेवलें होतें. पुढें ती त्याची कल्पना ठरवून लोक मोकळे झाले. इ. स. १९९९ मध्यें त्याच जागीं उत्खनन झालें आणि तेथें पुरलेले दगड व दगडांचे खड्डे सांपडले !

स्टुकली मोजीत होता त्याच वेळीं गांवकरी फोडीत होते. दगडाभोंवतीं खड्डा करावयाचा, खालीं गवत पेटवावयाचें, शिला तापली कीं तिच्यावर एका रेषेंत थंड पाणी ओतावयाचें आणि त्या रेषेवर घण घालावयाचा. जी शिला शेंकडों माणसांनीं ओढून आणली असेल ती दोन प्रहरांत भिंतीचा माल होई. शेताची जागा मोकळी होई व घराला दगड मिळे. फोडणाऱ्यांचीं नांवें स्टुकलीनें संतापानें नोंदवून ठेविलीं आहेत; टॉम रॉबिन्सन हें त्यांतलें अग्रगण्य. पुतण्याच्या छायाचित्रांतील भिंत ही अशा फोडलेल्या दगडांची.

आम्हांस मात्र रॉबिन्सनचा राग येईना. कारण आमच्या मागील दारीं विहिरीजवळ धुण्याचा जो दगड होता, तो एक वीरगळ होता. आई त्यावर रोज धुणें आपटी. पालथ्या अंगास कोरलेला घोडेस्वार आम्हीं मॅट्रिकच्या वर्षीं प्रथम पाहिला, तोहि दगड हलविण्याचा प्रसंग आला म्हणून. पाहिला आणि पुन्हां पालथा घातला. दुसऱ्या दिवशीं धुणें चालू. पुढें आम्ही इतिहास शिकविला, मुलांस सहलीस नेऊन लेणीं दाखविलीं. १९८७ सालीं वांटण्या होऊन जुनें घर पाडलें, तेव्हां गवंड्यानें तो दगड पायांत घातला. आम्ही तेथेंच उभे होतों. कोणीं विचारलें नाहीं आणि आम्ही बोललों नाहीं.

असो. एव्हबरीच्या दगडांवर त्याआधींहि एक संकट येऊन गेलें होतें. चौदाव्या शतकांत अनेक दगड पाडून खड्ड्यांत पुरण्यांत आले. धर्मभीतीनें कीं शेतीच्या सोयीसाठीं, याविषयीं वाद आहे. इ. स. १९३८ मध्यें अशी एक शिला उकरतांना तिच्याखालीं एका पुरुषाचा सांगाडा सांपडला. जवळ चौदाव्या शतकाच्या आरंभींचीं चांदीचीं नाणीं, एक कातर आणि शस्त्रक्रियेची लोखंडी सळई. अर्थात् हा न्हावी-वैद्य असावा. आपल्याकडेहि तुंबड्या लावण्याचें काम न्हाव्याकडेच असे. दगड पुरावयास मदत करतांना तो अंगावर कोसळून बिचारा गेला, अशी कथा रूढ झाली. सांगाडा लंडनच्या शल्यवैद्यांच्या संस्थेंत ठेवला होता व महायुद्धांतील बाँबवर्षावांत तो नष्ट झाला असें धरून चाललें होतें. १९९०-नंतरच्या दशकांत तो लंडनच्याच दुसऱ्या एका संग्रहालयाच्या कोठारांत निघाला. तपासणीअंतीं चिरडून मृत्यु आल्याच्या कथेविषयींच शंका उत्पन्न झाली.

ही शिला उकरणारा पुरुष म्हणजे अलेक्झांडर कीलर. संत्र्याच्या मुरंब्याच्या धंद्यांत गडगंज झालेल्या घराण्याचा हा वारस. मुरंब्याचा पैसा त्यानें मातींत घातला. जवळच्या विंडमिल हिल या टेकडीवर बिनतारी यंत्राचा खांब उभा राहणार असें कळतांच त्यानें १९२४ मध्यें टेकडीच विकत घेतली आणि १९२५ ते १९२९ पर्यंत तेथें उत्खनन केलें. मग तो एव्हबरीकडे वळला. १९३४ ते १९३९ या सहा वर्षांत त्यानें पुरलेल्या शिला वर काढून मूळ खड्ड्यांत उभ्या केल्या आणि ज्यांचे तुकडे होऊन गेले त्यांच्या जागीं काँक्रीटचे बुटके खुंट रोवले. आज जें वर्तुळ दिसतें तें मोठ्या अंशीं कीलरचें पुनरुज्जीवन आहे. परंतु त्यासाठीं त्यानें झाडें तोडलीं आणि आड येणारीं घरें व गोठे विकत घेऊन पाडले. १९४३ मध्यें त्यानें ही सर्व मालमत्ता १२,००० पौंडांस नॅशनल ट्रस्ट या संस्थेस दिली. तदनंतरहि घरें हटविण्याचें धोरण कांहीं काळ चालू राहिलें. गांवकऱ्यांसाठीं अर्ध्या मैलावर ट्रस्लो येथें नवीं घरें झालीं. पुढें तें धोरण सोडून देण्यांत आलें.

येथें आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. शिला उभ्या केल्या हें उत्तम केलें. पण दगड फोडून घर बांधणें हें पाप आणि घर पाडून दगड मांडणें हें पुण्य, इतका सोपा हिशेब आम्हांस पटत नाहीं. तीनशें वर्षें ज्या भिंतीच्या आडोशास बाळंतपणें झालीं, प्रेतें निघालीं, ती भिंतहि प्राचीनच म्हणावयाची. तिचें मोजमाप घेणारा स्टुकली मात्र कोणीं पाठविला नाहीं.

आसपासचीं स्थळें थोडक्यांत सांगतों. दक्षिणेस मैलभर अंतरावर सिल्बरी टेकडी आहे; उंची सुमारें १३० फूट, सगळी मनुष्यनिर्मित, इ. स. पूर्वीं २४०० च्या सुमाराची. आंत सोन्याच्या घोड्यावर बसलेला राजा पुरला आहे अशी दंतकथा. त्या राजासाठीं १७७६ मध्यें माथ्यावरून विहीर खणली, १८४९ मध्यें बाजूनें भुयार पाडलें, १९६८ ते १९७० मध्यें दूरचित्रवाणीच्या साक्षीनें पुन्हां भुयार. राजा नाहीं, घोडा नाहीं. सांपडलें तें गवत, शेवाळ आणि किडे. २००० सालीं जुन्या विहिरीचें तोंड खचून माथ्यावर मोठें भगदाड पडलें आणि २००७-०८ मध्यें संशोधकांस आंत जाऊन पूर्वसूरींचीं बिळें खडूनें भरून काढावीं लागलीं.

तिच्या समोरच वेस्ट केनेट येथें ३३० फूट लांबीची समाधि आहे, इ. स. पूर्वीं सुमारें ३६५० ची. दगडी खोल्यांत आबालवृद्धांचीं हाडें एकत्र ठेवलेलीं. हाडांवरून आठवलें : सतराव्या शतकांत मार्लबरोचा टूप नांवाचा वैद्य या परिसरांतील जुनीं मानवी हाडें उकरून नेई व त्यांचें औषध करी ! रोग्यांस गुण आला कीं नाहीं तें कळत नाहीं.

हाडांचाच एक वाद अलीकडे झाला. विंडमिल हिलच्या उत्खननांत तीनेक वर्षांच्या एका बालकाचा सांगाडा निघाला होता, तो एव्हबरीच्या संग्रहालयांत आहे. स्वतःस ड्रुइड म्हणविणाऱ्या आजच्या एका पंथानें २००६ मध्यें त्याला पुन्हां भूमींत पुरावें अशी मागणी केली. पुष्कळ चर्चा झाली व २०१० मध्यें तो संग्रहालयांतच ठेवण्याचा निर्णय झाला. अभ्यासकांचें म्हणणें आम्हांस बुद्धीनें पटतें. परंतु ज्यांच्या घरीं अस्थींचा कलश रात्रभर झाडास टांगलेला आम्हीं पाहिला आहे, त्यांस हें सांगण्याचें धैर्य आम्हांस होणार नाहीं.

२००३ मध्यें यंत्रांनीं जमीन तपासली, तेव्हां कीलर जेथपर्यंत पोंचला नव्हता त्या भागांत किमान पंधरा शिला अजून पुरलेल्या आहेत असें आढळलें. त्या तशाच राहूं दिल्या आहेत.

पुतण्यानें मध्यंतरीं विचारलें होतें, कीं त्या घराच्या भिंतींतले तुकडे काढून सांधले तर एखादी शिला पुरी होईल का ? आम्हीं उलट विचारलें, त्या घरांत सध्या कोण राहतें तें कळव. उत्तर आलें : एक म्हातारी बाई आणि तिचीं दोन मांजरें.