यामागाताचा पहारा

इन्फ्लुएंझाचा ‘ए’ प्रकार साऱ्या जगाला ठाऊक आहे, ‘बी’ही डॉक्टरांच्या नित्य परिचयाचा, परंतु 1947 साली प्रथम हाती लागलेला ‘सी’ हा त्यांचा भाऊबंद बहुतेक दवाखान्यांच्या दफ्तरी आजही नोंदला जात नाही, कारण झटपट तपासणीच्या पट्ट्या पहिल्या दोघांनाच ओळखतात आणि त्यांचा निकाल नकारार्थी आला की पुढील चौकशीची कोणास गरज वाटत नाही. रक्तपरीक्षेची साक्ष मात्र वेगळी आहे: बालपण सरेपर्यंत बहुतेकांच्या रक्तात ‘सी’विरुद्धची प्रतिद्रव्ये सापडतात.

या उपेक्षित विषाणूची नोंद सातत्याने ठेवण्याचा शिरस्ता ईशान्य जपानमधील यामागाता प्रांताने पाळला, आणि इन्फ्लुएंझा बी प्रकाराच्या एका वंशालाही त्याच प्रांताचे नाव लाभावे हे मला यथोचित वाटते. तापाने व खोकल्याने बेजार झालेल्या बालकांच्या नाकाघशांतील स्रावांचे नमुने बालरोगतज्ज्ञांनी पाठवावेत, आणि यामागाता विद्यापीठातील योको मात्सुझाकी व त्यांचे सहकारी, प्रांताची आरोग्यसंस्था आणि शेजारच्या मियागीतील सेंदाईचे विषाणुकेंद्र यांनी त्यांतून ‘सी’ शोधावा, असे हे काम दशकानुदशके चालले. ते सोपे नव्हते. हा विषाणू 33 अंशांच्या आसपासच्या उष्णतामानात, तोही संथपणे वाढतो, आणि पेशींवर त्याची खूण इतकी पुसट उमटते की उतावळ्या नजरेला परीक्षानळी निर्दोषच भासावी. त्याची रचनाही विलक्षण आहे: ‘ए’ व ‘बी’ यांची जनुकसामग्री आठ खंडांत विभागलेली, तर याची सातांत, आणि पेशीला चिकटणे, तीत शिरणे व बाहेर पडताना बंध तोडणे ही कामे त्या दोघांच्या पृष्ठभागावर दोन प्रथिने वाटून घेतात, ती सर्व येथे एकच प्रथिन पार पाडते.

या चिकाटीतून ‘सी’च्या वंशावळीचा तपशील उलगडला: सहा शाखा, त्यांचे आलटूनपालटून वाढणारे प्राबल्य, आणि दोन शाखा एकाच शरीरात भेटल्या असता होणारी जनुकखंडांची अदलाबदल. दोन वर्षांखालील काही बालकांत हा आजार फुप्फुसांपर्यंत पोहोचून रुग्णालय गाठावयास लावतो, हेही तेथील नोंदींनीच ठळकपणे दाखविले. ‘सौम्य’ हे विशेषण त्यानंतर सरसकट वापरणे मला अनुचित वाटते.

‘सी’वर लस नाही, आणि ऑसेल्टामिव्हिर ज्या प्रथिनावर आघात करते ते त्याच्याजवळ नसल्याने त्या औषधाचाही येथे उपयोग नाही. म्हणून श्वसनविकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या ज्या अर्भकांच्या दुखण्याचे कारण सापडत नाही, निदान त्यांच्या नमुन्यांची ‘सी’साठी तपासणी आपल्याकडील रुग्णालयांनीही करावी.