विकास आराखडा आणि आपली हरकत

आज विकास आराखड्याबद्दल बोलू या. नाव ऐकूनच पुष्कळ जण पुढचा भाग लावतील, हे मला माहीत आहे. मीही कधीकाळी त्यातलाच होतो.

मी राहतो त्या नगरपरिषदेच्या गावात शनिवारचा आठवडे बाजार भरतो. आसपासच्या पंधरा-वीस खेड्यांतल्या बायका पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन येतात आणि मैदानावर पोती अंथरून बसतात. काही वर्षांपूर्वी गावाचा नवा विकास आराखडा प्रसिद्ध झाला. आम्हाला ते कळलं, तेव्हा हरकती घेण्याच्या तीस दिवसांतले एकवीस उलटून गेले होते. नोटीस रीतसर निघाली होती, वर्तमानपत्रात आली होती, नकाशा कार्यालयाच्या जिन्याखालच्या भिंतीवर लावलेलाही होता. बाजाराच्या जागेवर मात्र ‘रिकामी जमीन’ असा रंग होता आणि तिथे व्यापारी संकुलाचं आरक्षण टाकलेलं होतं. जागेची पाहणी करायला माणसं आली ती बुधवारी. बुधवारी तिथे कोणी नसतंच!

आम्ही काय केलं? सगळे करतात तेच. ‘आमचा बाजार वाचवा’ असं निवेदन लिहिलं, चारशे सह्या गोळा केल्या आणि वीस-पंचवीस जण मिळून देऊन आलो. नगररचना विभागातल्या साहेबांनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, “सर्व्हे नंबर कोणता?” आमच्यापैकी एकालाही सांगता आला नाही. चारशे सह्यांची नोंद झाली ती एक हरकत म्हणून.

त्या प्रश्नाने मला या विषयाकडे ढकललं. आपलं गाव, आपली वस्ती, आपली चाळ नव्याने उभी राहणार असेल, तर तिथे राहणाऱ्यांना बोलण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. पण तो ठरावीक दिवसांत, ठरावीक दारातून आणि नकाशाच्या भाषेत वापरावा लागतो. रस्त्यावर कितीही मोठा मोर्चा निघाला, तरी फायलीत शेवटी कागदच जातो.

महाराष्ट्रात हे सगळं १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने चालतं. पालिका आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग आज कुठे काय आहे याचा नकाशा तयार होतो, त्याला विद्यमान भूवापर नकाशा म्हणतात. त्यावरून पुढच्या वीस वर्षांचा प्रारूप आराखडा बनतो, तो कलम २६ खाली प्रसिद्ध होतो आणि लोकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार. शेवटची मंजुरी राज्य सरकारची. तुम्ही बडोदा, इंदूर, बेळगाव किंवा दिल्लीत हे ऐकत असाल तर तुमचा कायदा वेगळा आहे: गुजरातचा १९७६ चा, मध्य प्रदेशचा १९७३ चा, कर्नाटकाचा १९६१ चा, दिल्लीचा १९५७ चा. मुदती आणि समित्यांची नावं बदलतात. पण मसुदा प्रसिद्ध करून लोकांचं म्हणणं मागवण्याची पायरी या सगळ्यांत आहे.

लोकांचं सगळं लक्ष जातं प्रारूप आराखड्याकडे. माझ्या मते खरा घात त्याच्या आधी होतो, विद्यमान भूवापराच्या नकाशात. आज जे आहे तेच तिथे उमटलं नाही, तर उद्याच्या आराखड्यात त्याला जागा मिळायची कशी? आमचा बाजार आरक्षणाने मारला नव्हता, त्याआधीच्या नकाशाने मारला होता.

याचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईचं आहे. महापालिकेने २०१४ ते २०३४ या काळासाठी नवा आराखडा करायला घेतला. २०१२ च्या सुमारास विद्यमान भूवापराचे नकाशे बाहेर आले आणि लोकांनी आपापला भाग शोधायला सुरुवात केली. गावठाणं आणि कोळीवाडे नीट दाखवलेले नव्हते. आदिवासी पाड्यांचंही तेच. झोपडपट्टीचा तर नुसता एकरंगी ठिपका होता. त्या ठिपक्यात बालवाडी आहे, दवाखाना आहे, चामड्याचं किंवा कुंभारकामाचं चालतं कारखानदारीचं जग आहे, याचा पत्ताच नाही. शहरातले निम्म्याच्या आसपास लोक जिथे राहतात, तिथला तपशील असा गायब.

इथे काही संस्थांनी आणि वस्त्यांतल्या कार्यकर्त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. ‘युवा’, अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट आणि पुष्कळ संघटना एकत्र येऊन झालेलं ‘हमारा शहर मुंबई अभियान’ यांनी आराखड्याची वाट पाहिली नाही. वस्त्यावस्त्यांत नकाशे नेले. नकाशा कसा वाचायचा, कोणता रंग कशाचा, हे शिकवलं आणि चुका लिहून घेतल्या. फेरीवाले, घरकामगार, बेघर, स्त्रियांच्या संघटना, मच्छीमार अशा एरवी एका सभेत न दिसणाऱ्या लोकांनी आपापल्या मागण्या मांडल्या. आराखडा मराठीतून हवा, ही मागणीही होतीच. इंग्रजी अहवालावर कोळीवाड्यातल्या माणसाने हरकत घ्यायची कशी, हा साधा प्रश्न होता.

फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा आला. मुंबईला हरकतींसाठी ६० दिवस मिळतात. त्यात स्थानकांच्या परिसरात ८ पर्यंत एफएसआय देण्याचा प्रस्ताव होता. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. आरे कॉलनीच्या हिरव्या पट्ट्यात विकास केंद्र सुचवलं होतं. आणि चुका तर विचारू नका. रस्ते उभ्या इमारतींवरून गेलेले, वारसा वास्तू नकाशातून नाहीशा झालेल्या. या वेळी मात्र हरकती घ्यायला फक्त वस्त्यांतले लोक आले नाहीत. दादर-पार्ल्याचे मध्यमवर्गीय, पारशी बागांचे रहिवासी, चर्च, वास्तुरचनाकार, सगळे आले. ज्याच्या घरावरून रेघ गेली तो जागा झाला, असं म्हणा हवं तर. साठ हजारांहून अधिक हरकती जमा झाल्या. मुदत संपायच्या तोंडावर, एप्रिल २०१५ मध्ये, मुख्यमंत्र्यांनी आराखडा दुरुस्त करून नव्याने मांडायला सांगितलं.

पुढची पायरी मला जास्त मोलाची वाटते. माजी सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्याकडे दुरुस्तीचं काम आलं आणि सुधारित नकाशे टप्प्याटप्प्याने लोकांसमोर ठेवले गेले. सगळा आराखडा एकदम डोक्यावर आदळण्याऐवजी माणूस आपल्या वॉर्डाचा एक कागद हातात धरून वाचू शकला. मे २०१६ मध्ये सुधारित प्रारूप आलं, त्यावर पुन्हा ८० हजारांहून अधिक सूचना-हरकती गेल्या आणि २०१८ मध्ये आराखडा मंजूर झाला. नोकरदार स्त्रियांची वसतिगृहं, स्त्रियांसाठी आधार केंद्रं, बेघरांसाठी निवारे यांची स्वतंत्र आरक्षणं त्यात आली. हे मोहिमांनी मागून घेतलेलं आहे. आरेतलं विकास केंद्र गेलं.

आरेतली मेट्रोची कारशेड मात्र राहिली. सुमारे ३३ हेक्टर जागा. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत तिथे झाडं तुटायला लागली, तेव्हा ज्यांनी हरकतीचे कागद भरले होते त्यातलेच पुष्कळ जण धावत गेले आणि अडवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली, पण तोवर दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. हरकत ऐकून घेणं पालिकेवर बंधनकारक आहे. ती मान्य करणं नाही. मोहिमेत उतरणाऱ्याला हे कोणी पहिल्या दिवशी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

आराखडा मंजूर झाल्यावरही काम संपत नाही, आणि यासाठी गिरणगावाची गोष्ट आठवावी लागते. मुंबईच्या कापड गिरण्यांची जमीन होती सुमारे ६०० एकर. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश शहराला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असा त्याचा ढोबळ अर्थ. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार मांडला. मग २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीचे शेड पाडल्यावर मोकळी होणारी जमीन त्यातून सुटली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? शब्द दोन-चार बदलले आणि शहराच्या वाट्याची बहुतेक जमीन गेली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कामगारांनी घरांसाठी लढा चालू ठेवला, म्हणून २०१२ मध्ये त्यांच्या घरांची पहिली सोडत निघाली. पण कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांत परत गेलेले कितीतरी कामगार तोवर राहिलेच नव्हते.

फेरबदलाची सूचनाही वर्तमानपत्रात येते. महाराष्ट्रात ती बहुतेकदा कलम ३७ खाली असते आणि तिलाही महिनाभराची मुदत असते. विवाहविषयक आणि हरवले-सापडले यांच्या आसपास, बारीक अक्षरांत. आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेने हे पान रोज वाचायची जबाबदारी घेतली आहे. मोहिमेतलं सर्वांत कंटाळवाणं काम, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाचं.

गोव्यातल्या लोकांना हे सांगायची गरज नाही. तिथे ‘प्रादेशिक आराखडा २०११’ हा २००६ मध्ये अधिसूचित झाला आणि हिरवी जमीन मोठ्या प्रमाणावर वस्तीसाठी खुली झाल्याचं लोकांच्या लक्षात आलं. गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि काही आठवड्यांतच, २००७ च्या सुरुवातीला, सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. नंतरच्या ‘२०२१’ च्या आराखड्यासाठी नकाशे ग्रामपंचायतींकडे पाठवले गेले. गावाने आपला डोंगर, आपली खाजन शेती, आपला झरा स्वतः नकाशावर दाखवायचा, ही कल्पना आपल्या देशात फार कमी ठिकाणी प्रत्यक्षात आली आहे. तो आराखडाही २०१२ मध्ये स्थगित झाला. २०२३ मध्ये कायद्यात १७(२) हे कलम आलं आणि आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करायच्या म्हणून एकेका जमिनीचा वापर बदलू लागला. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठी केलेले नियम रद्द केले. डोंगर एकदा नकाशावर आणला की तो तिथे टिकतोय का, हेही बघत राहावं लागतं.

आता आमच्या बाजाराकडे परत येतो, कारण नऊ दिवस हातात होते. भूमी अभिलेख कार्यालयातून मैदानाचा सर्व्हे नंबर आणि मोजणीचा नकाशा काढला. नगरपरिषद दर शनिवारी बाजारात जागाभाडं वसूल करते, त्याच्या पावत्या बायकांकडे होत्या. कुणी डब्यात, कुणी देवाच्या फोटोमागे ठेवलेल्या. पालिका स्वतःच ज्या जागेचं बाजारभाडं घेते ती जागा पालिकेच्याच नकाशात रिकामी, याहून चांगला पुरावा आम्हाला शोधूनही मिळाला नसता. छापील एकसारखे अर्ज मुद्दाम टाळले, कारण ते एका गठ्ठ्यात जातात आणि एका ओळीत निकाली निघतात. प्रत्येकीचा अर्ज वेगळा लिहिला: नकाशातला पत्रक क्रमांक, सर्व्हे नंबर, नकाशात काय दाखवलंय, जागेवर काय आहे, काय हवंय, आणि सोबत पावतीची प्रत. शेवटी “सुनावणीस समक्ष हजर राहू इच्छिते” हे वाक्य. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत उतरवलं, वाचून दाखवलं आणि अंगठा घेतला. एकशे बारा अर्ज गेले आणि प्रत्येकावर शिक्क्याची पोहोच घेतली. पोहोचेशिवाय कागद दिला तर तो दिलाच नव्हता असं समजा.

सुनावणी सहा महिन्यांनी झाली, आणि ती ठेवली होती शनिवारी. आम्ही तारीख बदलून मागितली, ती मिळाली नाही. म्हणून बायकांनी आपसात ठरवलं: दहा-दहा जणींनी जायचं, बाकीच्यांनी त्यांची पोती सांभाळायची. प्रत्येकीला समितीसमोर मिळाली तीन-चार मिनिटं. एका मावशींनी काहीच भाषण केलं नाही. टेबलावर अठरा वर्षांच्या पावत्या ठेवल्या आणि म्हणाल्या, “साहेब, मोजून घ्या, आणि मोजल्याचं लिहून द्या.”

आराखड्यात आता तिथे ‘भाजी मंडई व आठवडे बाजार’ असं आरक्षण आहे. मैदानाच्या पूर्वेकडचा पट्टा मात्र बारा मीटरच्या रस्त्यात गेला. साधारण तीस जणींची बसायची जागा त्यात जाते. त्या पट्ट्याचा सर्व्हे नंबर वेगळा होता आणि आमच्या एकशे बारा अर्जांपैकी एकातही तो लिहिलेला नव्हता. रस्त्याचं काम अजून सुरू झालेलं नाही. फेरबदलाचा प्रस्ताव करावा म्हणून नगरपरिषदेकडे दिलेल्या अर्जाची पोहोच माझ्याकडे आहे, आणि दुसरी प्रत त्या मावशींच्या डब्यात.